मठांतील पाहुणचार

प्रवासास निघणाऱ्या मनुष्याच्या खर्चाच्या मुख्य बाबी दोन: वाहनाचें भाडें आणि रात्रीचा निवारा. पहिली बहुधा ठरलेली असते. दुसरींत मात्र काटकसरीस पुष्कळ वाव असतो. आपल्याकडे तीर्थक्षेत्रीं धर्मशाळा असतात, त्यामुळें ही गोष्ट कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. परंतु शिक्षणासाठीं वा देशदर्शनासाठीं युरोपांत जाणाऱ्या आपल्या तरुणांस तिकडील धर्मशाळांची माहिती क्वचितच असते. त्या धर्मशाळा म्हणजे ख्रिस्ती साधूंचे व साध्वींचे मठ होत. तेथें माफक दरांत, आणि कांहीं ठिकाणीं केवळ ऐच्छिक देणगीवर, राहण्याची सोय होते. ही चाल कशी पडली, ती आजहि कशी चालते आणि पाहुण्यानें तेथें कसें वागावें, याचा थोडक्यांत विचार करूं.

या चालीचें मूळ शोधूं गेल्यास सुमारें १५०० वर्षें मागें जावें लागतें. रोम व नेपल्स यांच्या दरम्यान मोंते कासिनो नांवाचा डोंगर आहे. तेथें सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यानें मठ स्थापिला व आपल्या बांधवांसाठीं नियमावली लिहिली. तिचीं ७३ प्रकरणें असून ५३ वें प्रकरण पाहुण्यांविषयीं आहे. दारीं आलेला प्रत्येक पाहुणा साक्षात् ख्रिस्तच आहे असें समजून त्याचें स्वागत करावें, हें त्याचें सार. पण बेनेडिक्ट केवळ उपदेश करून थांबला नाहीं. त्यानें व्यवस्थाहि लावून दिली. पाहुणे अवेळीं येतात, म्हणून त्यांचा स्वयंपाक निराळा असावा, म्हणजे इतरांच्या नित्यक्रमांत व्यत्यय येणार नाहीं. मठाधिपतीनें स्वतः पाहुण्याच्या हातांवर पाणी घालावें. अंथरुणें पुरेशीं असावींत. सर्वांत मार्मिक गोष्ट ही कीं, गरीब व यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी. कारण श्रीमंताचा दराराच त्यास मान मिळवून देतो. गरिबास तो मुद्दाम द्यावा लागतो.

कांहीं ठिकाणीं तर हा निवारा काटकसरीची नव्हे, जिवाची बाब होती. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर आल्प्स पर्वतांत ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड आहे. तिची उंची सुमारें ८१०० फूट. उत्तरेकडून रोमला जाणारे यात्रेकरू व व्यापारी या वाटेनें जात, आणि हिमवर्षावांत व धुक्यांत कित्येक जण प्राणांस मुकत. इ. स. १०५० च्या सुमारास बर्नार्ड नामक धर्मगुरूनें खिंडीच्या माथ्यावर आश्रयगृह उभारलें. पुढें तेथील साधूंनीं पाळलेलीं मोठीं कुत्रीं बर्फांत वाट चुकलेल्यांस शोधून काढूं लागलीं. त्यांपैकीं १८०० ते १८१४ या काळांतील बॅरी नांवाच्या कुत्र्यानें ४० हून अधिक माणसें वांचविलीं असें सांगतात. त्याचा पेंढा भरलेला देह बर्न येथील संग्रहालयांत आहे. १९६४ सालीं खिंडीखालून मोटारींसाठीं बोगदा खुला झाला, तरी आश्रयगृहाचें दार बंद झालें नाहीं. हिवाळ्यांत रस्ता बर्फाखालीं जातो, तेव्हांहि बर्फांतून पायीं येणाऱ्यास तेथें अन्न व बिछाना मिळतो.

स्पेनच्या वायव्य भागांतील सांतियागो या क्षेत्रास फ्रान्सच्या सरहद्दीपासून पायीं जाणाऱ्यास सुमारें ८०० किलोमीटर चालावें लागतें. वाटेवर रोन्सेस्वाय्येस येथें यात्रेकरूंसाठीं १२ व्या शतकांत आश्रयगृह झालें, आणि आजहि तेथें मुक्काम करतां येतो. पुढें सामोस येथील बेनेडिक्टाइन मठहि पांथस्थांस ठेवून घेतो. यात्रेकरूजवळ एक पुस्तिका असते. तिच्यावर प्रत्येक मुक्कामीं शिक्का मारतात. एका दालनांत पुष्कळ खाटा, सामान्यतः एकाच रात्रीचा मुक्काम आणि सकाळीं लवकर प्रस्थान, असा या वाटेवरचा शिरस्ता आहे. कांहीं ठिकाणीं दर नसतो, केवळ एक पेटी असते. या पेटीचा अर्थ पुष्कळांस कळत नाहीं. देणगी म्हणजे फुकट नव्हे. काल येऊन गेलेल्यानें टाकलेल्या पैशांतून आज आपली सोय होते, आणि आपण टाकूं त्यांतून उद्यां येणाऱ्याची. ज्याच्याजवळ खरोखरच कांहीं नाहीं, त्यास कोणी जाब विचारीत नाहीं. पण असून न टाकणें म्हणजे उद्यांच्या गरिबाच्या ताटांतला घास उचलणें होय.

रोममध्यें साध्वींच्या अनेक मठांत पाहुण्यांसाठीं खोल्या आहेत. खोली साधी पण स्वच्छ. बहुधा सकाळची न्याहारीहि मिळते. पुष्कळ ठिकाणीं रात्रीं दहा-अकराच्या सुमारास दार बंद होतें. नाटकें पाहून मध्यरात्रीं परतणाऱ्यास ही अडचण वाटेल. परंतु एकटीनें प्रवास करणाऱ्या मुलीच्या आईबापांस तोच मोठा दिलासा आहे. कांहीं मठ केवळ स्त्रियांसच ठेवतात. उलट ग्रीसमधील एथॉस पर्वतावर २० मठ आहेत. तेथें स्त्रियांस प्रवेश नाहीं, आणि पुरुषांसहि आगाऊ परवाना लागतो. म्हणून पत्र लिहून चौकशी केल्यावांचून जाऊं नये. पश्चिम युरोपांतील मठांत पाहुण्यावर उपासनेस बसण्याची सक्ति सहसा नसते. मात्र शांतता पाळणें, अंगभर कपडे घालणें व जेवणाची वेळ सांभाळणें त्याच्याकडून अपेक्षित असतें.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. नुसत्या नांवावर भुलूं नये. स्पेनमधील लेओन शहरांत सान मार्कोस ही प्राचीन मठाची भव्य इमारत आहे. परंतु आज तें उंची हॉटेल असून तेथील दर विद्यार्थ्यास झेपणारा नव्हे. खऱ्या मठांत दर कमी असतो, त्याचें कारण तेथें नफा घ्यावयाचा नसतो आणि बरेंच काम मठवासी स्वतःच्या हातांनीं करितात. पण युरोपांत मठवासीयांची संख्या घटत असून राहिलेल्यांपैकीं पुष्कळ वृद्ध आहेत. कांहीं मठ बंदहि पडले आहेत. सत्तर वर्षांच्या साध्वीनें आपली चादर धुवावी व आपण उष्टा पेला तसाच टाकून निघावें, हें कोणत्याहि सुशिक्षितास शोभणारें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें त्या देशांत गेलाच, तर मठाचें दार अवश्य ठोठवा. निघतांना अंथरूण नीट घडी करून ठेवा, यथाशक्ति पेटींत टाका आणि दार उघडणाऱ्याचे आभार माना. तुमच्या मागून येणाऱ्या परक्या मुलासाठीं तें दार उघडें राहणें कांहीं अंशीं तुमच्याच वर्तनावर अवलंबून आहे.