कंपनीच्या नावचे घर, कंपनीच्या नावची मोटार

लंडनमधील एखाद्या बंगल्याचा मालक कोण, हे सरकारी दप्तरात पाहावयास जावे तर कित्येकदा माणसाचे नावच सापडत नाही. ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील किंवा आयल ऑफ मॅनमधील एखादी कंपनी तेथे मालक म्हणून बसलेली असते. दारातली मोटारही तिचीच. आत राहणारे गृहस्थ मात्र सांगतात, 'कंपनी म्हणजे मीच की!'

कायदा हे मानीत नाही. 1897 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन खटल्यात ठरविले की, जवळजवळ सारे भाग एकाच्याच हाती असले, तरी कंपनी ही त्याच्याहून निराळी व्यक्ती होय. याचा खरा चटका बसला तो आयर्लंडातील टायरोन परगण्यातल्या एका जमीनदारास. त्याने आपले लाकूड आपल्याच कंपनीला विकले, विमा मात्र स्वतःच्या नावे ठेवला. पुढे लाकूड जळाले. 1925 साली निकाल लागला : लाकूड कंपनीचे, तेव्हा विम्याचा पैसा तुम्हांस नाही! मोटार कंपनीच्या नावे घेणाऱ्याने हा खटला आधी वाचावा, असे आम्हांस वाटते. शिवाय ब्रिटनमध्ये कंपनीची गाडी संचालकाने घरगुती कामास वापरली, तर तो लाभ समजून त्यावर कर बसतो, तो निराळाच.

मग लोक हे का करतात? कर टाळावा, नाव झाकावे, सावकाराचा हात पोहोचू नये म्हणून. आणि कधी कधी बायकोचाही. 2013 साली पेट्रोडेल खटल्यात एका घटस्फोटित पत्नीने पतीच्या कंपन्यांच्या नावे असलेल्या सात मिळकती मागितल्या. कंपनीचा पडदा फाडण्यास ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पण खरेदीचा पैसा मुळात पतीचाच, म्हणून कंपन्या या नुसत्या विश्वस्त आहेत असे ठरवून त्याने मिळकती तिला देवविल्या. पैसा कोठून आला, हा साधा प्रश्नच शेवटी उपयोगी पडला.

आता ती झाकपाकही अवघड झाली आहे. एप्रिल 2017 पासून परदेशी कंपनीमार्फत धारण केलेली ब्रिटनमधील राहती घरे वारसाकराच्या कक्षेत आली. ऑगस्ट 2022 पासून अशा कंपन्यांना आपले खरे धनी सरकारदरबारी नोंदवावे लागतात.

आपल्याकडेही 2015 चा काळ्या पैशाचा कायदा हाच प्रश्न विचारतो. येथील रहिवाशाने परदेशातील मालमत्ता दडविली, तर तिच्या किमतीवर तीस टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड, म्हणजे शंभराच्या मालमत्तेस एकशेवीस.