खोकण्याआधी

कात्रज चौकाच्या थोडं अलीकडे, सातारा रस्त्यालगतच्या एका इमारतीचा पहिला मजला. खिडकीखालून स्वारगेटला निघालेली पीएमपीची बस हॉर्न वाजवत जाते. आत निळ्या गाद्यांवर तीन बाळंतिणी पाठीवर पडून आहेत. गुडघे दुमडलेले, एक हात पोटावर. बाळं शेजारच्या खोलीत आज्यांकडे आहेत. त्यातलं एक रडतंय आणि तिघींचेही कान तिकडेच लागलेत.

"बाळ आजीकडे आहे, आता इकडे लक्ष," फिजिओ मॅडम म्हणतात. "श्वास घ्या, पोट फुगू द्या. आता श्वास सोडता सोडता खालचा भाग आवळा आणि आत, वर ओढा. चारचौघांत वारा सरायला आला की कसं अडवतो, अगदी तसं. मांड्या नकोत, कुल्ले नकोत. दात कशाला आवळताय?"

तिघी हसतात. कडेची मात्र चटकन हसू आवरते आणि पाय जवळ घेते.

मी भिंतीलगत स्टुलावर बसलेय. तिघींनी हो म्हटल्यावरच आत आलेय आणि कुणाचं नाव लिहायचं नाही, असं ठरलंय.

मॅडमच्या हातात कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा आहे, तळाशी लाल रंगाचे स्नायू. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत बांधलेली झोळीच ती. मूत्राशय, गर्भाशय, आतड्याचं शेवटचं टोक, सगळ्यांचा भार हिच्यावर. लघवीची, बाळाची आणि शौचाची वाट हिच्यातूनच जाते. बाळाचं डोकं बाहेर येताना यातले काही तंतू दुपटीहूनही जास्त ताणले जातात. मॅडम बोट फिरवून दाखवतात तेव्हा तिघी उठून बसतात आणि वाकून बघतात. तिघीही पदवीधर, तरी आपल्याच शरीराचा हा भाग त्या बहुधा पहिल्यांदाच पाहतायत.

"म्हणजे हे सगळं माझ्यात आहे?" मधली विचारते. तिच्या आवाजातलं नवल लपत नाही.

कडेची बोलू लागते ती खाली बघत. बाळ साडेतीन महिन्यांचं झालंय, पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचंय, कात्रजहून शिवाजीनगरपर्यंत बसने. "स्पीडब्रेकर आला की सुटते, मॅडम. शिंकले तरी, बाळाला उचललं तरी. पाळी अजून आलेली नाही, पण पॅड रोज लागतो. बसमध्ये वास आला तर? नोकरीच सोडावी, असं वाटतंय."

"घरी कुणाला सांगितलंत?"

"आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर व्हायचंच, होईल बंद."

सासूबाई चूक बोलल्या नाहीत, काही जणींचं पहिल्या काही महिन्यांत आपसूक बंद होतंही. पण तीन महिने उलटूनही गळती राहिली तर ती पुढेही राहण्याची शक्यता वाढते. म्हणून हीच वेळ उपचार सुरू करण्याची आहे, असं मॅडम शांतपणे सांगतात. मग तिला एक युक्ती शिकवतात. खोकला येतोय असं वाटलं की आधी खालचे स्नायू आवळायचे, मगच खोकायचं. बाळाला उचलण्याआधी आवळायचं, श्वास सोडत उचलायचं. ती करून बघते. आवळते, खोकते, थांबते. पुन्हा आवळते, पुन्हा खोकते. "नाही झालं," ती म्हणते आणि आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघते.

एका खोकल्याने दुखणं बरं होत नाही, हे मॅडम लगेच बजावतात. आठ वेळा आवळायचं, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने नेमाने. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरायचं, पुढे दहापर्यंत न्यायचं. प्रत्येक वेळी पूर्ण सैल सोडायचं, कारण सोडता येणं हेही आवळण्याइतकंच शिकावं लागतं. लघवीला बसल्यावर धार अडवून व्यायाम करायचा नाही, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

जग या व्यायामाला ज्यांच्या नावाने ओळखतं ते डॉ. आर्नल्ड केगल अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. बाळंतपणानंतर सैल पडलेले हे स्नायू व्यायामाने पुन्हा कमावता येतात, हे त्यांनी १९४८ साली मांडलं. आवळण्याचा दाब दाखवणारं एक उपकरणही त्यांनी बनवलं, कारण आपल्याला बरोबर जमतंय की नाही हे बाईला स्वतःला कळायला हवं होतं. ते किती खरं आहे हे इथे दिसतं. मधली मघापासून वर ओढायच्या ऐवजी श्वास कोंडून खाली जोर देतेय. मॅडमनी तिच्या पोटावर हात ठेवला तेव्हा ते लक्षात आलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून ती गेला महिनाभर हेच करत होती, म्हणजे रोज मन लावून उलट दिशेला.

"पण माझं तर सिझर झालंय," ती म्हणते. "टाके पोटाला आहेत. मला हे कशाला?"

हा प्रश्न खूप जणींचा असणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आढळली, म्हणजे चारातलं एक. सिझरमुळे त्या वाटेला ताण बसत नाही, हे खरं. पण नऊ महिने वजन पेललंय ते याच स्नायूंनी, आणि पोटाचे स्नायू तर दोन्ही तऱ्हेच्या बाळंतपणांत सारखेच ताणले जातात. मॅडम तिला झोपवतात, डोकं किंचित उचलायला सांगतात आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवतात. पोटाच्या उभ्या स्नायूंच्या दोन पट्ट्यांमध्ये अडीच बोटांची फट आहे. "सिट-अप्स आणि पोटाचे जोरकस व्यायाम इतक्यात नकोत. झोपेतून उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताचा आधार घेऊन उठा." एवढी साधी गोष्ट, पण दवाखान्यातून घरी जाताना तिला ती कुणी सांगितलेली नाही.

तिसरीबरोबर मॅडम पडद्याआड जातात. मी बाहेरच राहते. कानावर फक्त मॅडमचा आवाज येतो: "दुखलं तर लगेच सांगा, मी थांबेन. कधीही नको म्हणालात तरी चालेल." हातमोजे चढवून, आधी विचारून केलेली ही तपासणी काही मिनिटांची असते. स्नायू किती जोर लावतात, हे शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदलं जातं. बाहेर आल्यावर तिसरी मला आपणहून सांगते, ते लिहायलाही सांगते. बाळंतपणात तिला मागपर्यंत चीर गेली होती. आता वारा अडत नाही. भावजयीच्या डोहाळजेवणाला ती डोकेदुखीचं निमित्त काढून गेली नाही. "लघवीचं तरी बायका एकमेकींना सांगतात. हे कुणाला सांगणार?" तिचा व्यायाम तूर्त वेगळा आहे. टाक्यांची जागा कडक झालीय, स्नायू भीतीने आवळलेलेच राहतायत, म्हणून आधी सैल करायला शिकणं. शिवाय शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांकडे एक चिठ्ठी. आवळा-सोडाचा एकच मंत्र सगळ्यांना चालत नाही, हे मला इथे येऊनच कळतंय.

साडेअकराला दारात एक मावशी उभ्या राहतात. हातात कापडी पिशवी, पिशवीला तेलाचे डाग. संतोषनगर, सुखसागरनगर भागात त्या कितीतरी वर्षं बाळ-बाळंतिणीची मालिश करतात. मॅडमनीच त्यांना बोलावलंय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर बाळंतिणीला दीड महिन्याने एकदा बघतात, मावशी सव्वा महिना रोज बघतात. अंघोळ घालतात, शेक देतात, पोट बांधतात.

"पोट कसं बांधता मावशी? दाखवा बरं माझ्यावर."

मावशी सुती लुगड्याची घडी मॅडमच्या पोटावर गच्च आवळतात. मॅडम खोकतात आणि त्यांचा हात आपल्या ओटीपोटावर ठेवतात. "कळला दाब? वरून गच्च बांधलं की तो खाली जातो, त्याच सैल झालेल्या स्नायूंवर. बांधा, आधार वाटतो तिला, कंबरेलाही बरं. पण तुमची दोन बोटं आत सहज जातील इतपतच. आणि खालून वर बांधत जा."

मावशी मान डोलावतात. लुगडं सोडून पुन्हा बांधतात, दोन बोटं घालून बघतात. मग खाली बसतात. "मला ठाव हाय हे सगळं. मालिश करताना सांगतात की पोरी. मावशी, हसले तरी ओलं होतं. मावशी, खाली काय तरी उतरल्यागत वाटतं. पण लगीच म्हणतात, घरात बोलू नका. मंग मी पण गप."

हे गप्प राहणं जुनंच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. ती गावं आणि हा सातारा रस्त्यालगतचा पहिला मजला यांत अंतर पुष्कळ आहे. पण अंगावर काढण्याची सवय मात्र तीच. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या उपचारांची सत्रं सरकारी आरोग्यविम्यातून मिळतात. आपल्याकडे दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्या मुख्यतः बाळासाठी. दार उघडलेलंच असतं, आईला एक प्रश्न विचारायला तिथे दोन मिनिटंही पुरतील. तो प्रश्न त्यांच्या कागदावर यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

"आता गप नाही बसायचं," मॅडम मावशींना म्हणतात. "घरात सांगू नका, पण तिला सांगा की यावर इलाज आहे. खाली उतरल्यासारखं वाटत असेल, ताप असेल, घाण वास येत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. बाकीच्यांना इकडे पाठवा."

मावशी मॅडमचा नंबर मोबाईलमध्ये घालून घेतात. मघाची कडेची मुलगी त्यांना तो टाईप करून देते.

तुमच्या घरात बाळंतीण असेल, तर दीड महिन्याच्या तपासणीला बाळाच्या वजनाबरोबर हेही डॉक्टरांपुढे ठेवा: खोकताना, शिंकताना, हसताना लघवी सुटते का? वारा नकळत सुटतो का? खाली ओढल्यासारखं वाटतं का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी तिथेच चिठ्ठी मागून घ्या. बाळ किती वर्षांचं आहे याने अडत नाही, दहा वर्षांनी गेलात तरी उपचार होतो.