फळी, लाट आणि नवशिका

आपल्याकडे पूर्वी पोहणे शिकत ते विहिरीत, कमरेला भोपळा बांधून. ते पाणी जागचे हलत नाही. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा हवाई बेटांतला खेळ २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये झाला. त्या खेळात विहिरीतला पट्टीचा पोहणाराही नवशिकाच. खवळलेल्या समुद्रात त्याला नेणाऱ्याने आधी वाळूवर घटकाभर उभे राहून पाणी पाहावे. पावसाळा असेल तर, माझ्या मते, तेथूनच परतावे. लाटांनी लोटलेले पाणी एखाद्या खोलगट वाटेने पुन्हा आत धावते. तेथे लाटा फारशा फुटत नाहीत. म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते! त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजू नये. झुंजणारा दमून बुडतो. फळी सोडू नये, किनाऱ्याला समांतर सरकावे आणि लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर बाहेर यावे.