शेवट नसलेला रविवार

मंडळाची वेबसाइट उघडते. मुख्य पान येतं, मागच्या गणेशोत्सवाचे फोटो येतात, देणगीचं पानही येतं. ‘कार्यक्रम’ या शब्दावर बोट टेकवलं की मात्र पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहतो आणि शेवटी ५०४ हा आकडा उमटतो. सर्व्हरनं वाट पाहिली, उत्तर आलं नाही, असा त्याचा अर्थ.

सुरतमधल्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. भुसावळ-जळगावकडून येणारी रेल्वे त्यांना इथल्या यंत्रमागांपर्यंत घेऊन आली. मंडळ त्यांचंच, आणि मंडळाची साइट सांभाळणारा तरुणही त्यांच्यातलाच. त्याची खोली उधन्यात वरच्या मजल्यावर आहे. खाली मागांची खडखड दिवसभर चालू असते. श्रावण तोंडावर आला होता आणि सचिव आप्पांचा फोन होता, “भाऊ, लोक विचारताहेत कानबाई कधी, रोट कधी. पानच उघडत नाही.” कानबाई हा खानदेशाचा श्रावणातला देवीचा सण, आणि रोट हा त्यातला नैवेद्य.

“सर्व्हर मोठा घ्यावा लागेल का?” आप्पांनी पुढचा प्रश्न केला. अशा वेळी बहुतेक मंडळं आणि दुकानदार हाच प्रश्न विचारतात, आणि बरेच जण पैसे भरूनही मोकळे होतात. या तरुणानं नाही म्हटलं. “आधी बघू द्या आप्पा, अडलंय कुठं.”

त्यानं पहिल्यांदा हातात घेतला तो फोन, आणि फोनमधलं स्टॉपवॉच. पान मरायला किती वेळ लागतो, हे त्यानं चार वेळा मोजलं. दर वेळी साठ सेकंद.

हा साठचा आकडा मोलाचा होता. मंडळाची साइट वर्डप्रेसवर चालते. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिलेलं आहे, तिला वेबसाइटसाठी मुळात तीस सेकंदांची मुदत दिलेली असते. एनजिनएक्स नावाचा सर्व्हर तिच्या उत्तराची साठ सेकंद वाट पाहतो. मग पीएचपी तिसाव्या सेकंदाला का थांबली नाही? कारण लिनक्सवर पीएचपीचं घड्याळ फक्त तिच्या स्वतःच्या कामाचा वेळ मोजतं. डेटाबेसकडून उत्तर येण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. म्हणजे पीएचपी राबत नव्हती, ताटकळत होती. संशय डेटाबेसकडे वळला.

त्यानं आधी पूर्ण बॅकअप घेतला, मग साइटची एक वेगळी नक्कल उभी केली आणि पुढची तपासणी त्या नकलेवर सुरू केली. चालू साइटवर हात चालवायचा नाही, हा त्याचा नियम. नकलेत त्यानं निम्मी प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बंद केली. पान रखडतच आलं. ती चालू करून उरलेली निम्मी बंद केली, तर पान झटकन आलं. दोषी या निम्म्यात होता. त्यांचे पुन्हा दोन भाग, पुन्हा दोन. सोळा प्लगिन असतील तर चार खेपांत एकावर बोट ठेवता येतं. बोट कार्यक्रमांच्या कॅलेंडरच्या प्लगिनवर आलं. अॅडमिनचं पानच उघडत नसेल तरी प्लगिन बंद करता येतं: सर्व्हरवर त्याच्या फोल्डरचं नाव बदललं की वर्डप्रेसला ते सापडत नाही आणि ते आपोआप बंद होतं.

इथं थांबून ‘प्लगिन खराब आहे’ असं म्हणणं सोपं होतं. पण नकलेत एक गोष्ट जुळत नव्हती. कॅलेंडर चालू असताना तिथं पान सात-आठ सेकंदांत, उशिरा का होईना, येत होतं. चालू साइटवर ते मरत होतं. डेटा तोच, प्लगिन तेच. फरक कशाचा?

त्यानं क्वेरी मॉनिटर लावलं. पान तयार होताना डेटाबेसला कोणकोणते प्रश्न विचारले गेले आणि प्रत्येकाला किती वेळ लागला, हे ते दाखवतं. जवळजवळ सगळा वेळ एकाच प्रश्नात जात होता. हे प्लगिन कार्यक्रमाच्या तारखा वर्डप्रेसच्या पोस्टमेटा टेबलात ठेवत होतं. त्या टेबलात कुठल्याही प्रकारची माहिती मावते, म्हणून तिथल्या मूल्याच्या रकान्याला इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, नसतो. या महिन्यातले कार्यक्रम काढायचे तर डेटाबेसला हजारो ओळी चाळत बसावं लागतं.

पण एवढ्याशा मंडळाच्या साइटवर एवढ्या ओळी आल्या कुठून? ‘बालसंस्कार वर्ग, दर रविवारी’ या एका नोंदीतून. भरणाऱ्यानं शेवटच्या तारखेचा चौकोन कोरा सोडला होता. इंटरनेटवरच्या कॅलेंडरांचा जे सर्वमान्य मानक १९९८ मध्ये आलं आणि २००९ मध्ये सुधारलं गेलं, त्यातही पुन्हा-पुन्हा येणाऱ्या कार्यक्रमाला शेवट दिला नाही तर तो अनंतकाळ चालू असल्याचं मानलं जातं. हे प्लगिन असे रविवार पुढच्या दहा वर्षांपर्यंत मांडून ठेवत होतं. वर्षाचे बावन्न, दहा वर्षांचे पाचशे वीस, आणि प्रत्येक रविवारामागे पोस्टमेटात पंधरा-एक ओळी: एका वर्गाच्या जवळजवळ आठ हजार. शिवाय योगवर्ग, वाचनालय, मासिक बैठक.

उरलेला फरक लॉगमध्ये सापडला. सर्व्हर प्रत्येक भेटीची एक ओळ लिहून ठेवतो. त्या ओळींत माणसं थोडी होती आणि बॉट, म्हणजे पानं आपोआप चाळत जाणारे प्रोग्रॅम, फार. ‘पुढचा महिना’ ही लिंक प्रत्येक महिन्याखाली असतेच. माणूस दोन-तीन महिने पुढे जातो आणि थांबतो. बॉट थांबत नाही. या ओळींत ते कित्येक दशकं पुढचे महिने मागत होते. तिथं एकही कार्यक्रम नव्हता, पण ‘काही नाही’ हे सांगण्यासाठीही डेटाबेसला सगळं टेबल चाळावंच लागत होतं. प्रत्येक महिना नवा, म्हणून साठवलेलं पान उपयोगी पडत नव्हतं. एका वेळी मोजकीच कामं घेणारा सर्व्हर बॉटांच्या रांगेत अडकला होता आणि कानबाईची तारीख विचारणारी बाई त्या रांगेच्या शेवटी उभी होती. नकलेचा पत्ता बॉटांना ठाऊक नव्हता, म्हणून तिथं पान येत होतं.

दुरुस्तीला अर्धा दिवस पुरला. प्रत्येक वर्गाला शेवटची तारीख दिली. पुढचे आगाऊ रविवार काढून टाकले. कॅलेंडर मागे एक वर्ष आणि पुढे एक वर्ष एवढंच दिसेल, त्यापलीकडचा महिना मागितला तर डेटाबेसला न विचारता थेट ‘पान नाही’ असं उत्तर जाईल, अशी मर्यादा घातली. रोबोट्स फाइलमध्येही सूचना लिहिली, पण ती निव्वळ विनंती असते. सभ्य बॉट ती पाळतात, बाकीचे नाही. चालू महिन्याचं पान काही मिनिटं साठवून ठेवायची सोय केली. मग एकेक बदल चालू साइटवर नेला आणि प्रत्येक बदलानंतर वेळ मोजली. पान दीड सेकंदात यायला लागलं.

राहिली कानबाई. खानदेशात ती नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. नागपंचमी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे २१ ऑगस्टला होती, २०२५ मध्ये २९ जुलैला. ‘दर वर्षी याच तारखेला’ हा नियम तिला लागू पडत नाही. इतर पंचांगांसाठी कॅलेंडरच्या मानकात २०१५ मध्ये भर पडली, त्यात चिनी आणि हिब्रू महिने आले. आपल्या तिथीची सोय त्यात नाही. गेल्या वर्षी कुणीतरी कानबाईला ‘दर वर्षी’ अशी खूण केली होती, म्हणून पान उघडलं असतं तरी तारीख चुकीचीच दिसली असती. तरुणानं ती नोंद पुसली. आप्पांनी भिंतीवरचं पंचांग काढून फोनवर तारीख वाचून दाखवली, त्यानं ती भरली आणि त्यांच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतली.

ज्या मंडळांच्या, शाळांच्या, वाचनालयांच्या साइटवर असं कॅलेंडर आहे, त्यांनी मोठ्या सर्व्हरचे पैसे भरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: किती नोंदींत शेवटच्या तारखेचा चौकोन कोरा आहे, आणि ‘पुढचा महिना’ दाबत गेलं तर महिने कुठवर येत राहतात. दहा मिनिटांचं काम आहे. ते सण तोंडावर येण्याआधी करावं.