सायकल १९८७ च्या आधीची असेल तरच एन्ट्री! इटलीतल्या एका राईडने मातीचे रस्ते कसे वाचवले?

ऑक्टोबर महिन्यातला पहिला रविवार. पहाटेचे पाच वाजलेत, बाहेर मिट्ट काळोख आहे आणि थंडीही चांगलीच आहे. इटलीच्या टस्कनी भागातल्या गायोले इन कियांती या गावात मात्र जत्रेसारखी गर्दी झालीय. अंगात लोकरीची जर्सी, डोक्यावर कापडी टोपी, खांद्यावर आडवं-तिडवं गुंडाळलेलं स्पेअर टायर आणि हातात वडिलांच्या, नाहीतर आजोबांच्या वयाची सायकल. थोड्याच वेळात हे सगळे दिव्यांच्या उजेडात ब्रोलिओच्या किल्ल्याचा चढ चढायला लागतात.

या राईडचं नाव 'लेरोइका'. इटालियनमध्ये त्याचा अर्थ होतो 'वीरांची'. जुन्या सायकलींच्या जगात तिला पंढरीच्या वारीसारखा मान आहे. पण तिची सुरुवात सायकलींच्या प्रेमापोटी जेवढी झाली, तेवढीच रस्त्यांच्या काळजीपोटी झाली.

तर विषय असाय की, टस्कनीत सिएना शहराच्या आजूबाजूला पांढऱ्या मातीचे आणि खडीचे रस्ते आहेत. तिकडे त्यांना 'स्त्रादे बियांके' म्हणजे पांढरे रस्ते म्हणतात. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्याचा हा गोरा भाऊ समजा. द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडं आणि सुरूच्या रांगांमधून हे रस्ते डोंगर चढत-उतरत जातात. एकेकाळी इटलीतले बरेचसे रस्ते असेच होते. १९३८ आणि १९४८ अशी दोनदा टूर द फ्रान्स जिंकणारा जिनो बार्ताली याच टस्कनीचा. त्याच्या पिढीने मोठमोठ्या शर्यती असल्याच धुळीतून आणि चिखलातून मारल्या.

पुढे गाड्या वाढल्या, डांबर आलं आणि हे रस्ते एकेक करून गायब व्हायला लागले.

गायोलेच्या जियानकार्लो ब्रोच्ची यांना ते सलत होतं. सायकलिंगचं वेड तर होतंच. नुसतं 'रस्ते वाचवा' म्हणून कुणी ऐकणार नाही, हे ओळखून त्यांनी १९९७ साली याच रस्त्यांवरून जुन्या सायकलींची एक राईड काढली. पहिल्या वर्षी आले ९२ जण. वेळ लावायची नाही, नंबर काढायचा नाही, बक्षीस नाही. जुन्या काळासारखं दमायचं, एवढाच कार्यक्रम.

आता इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मातीचा रस्ता पाहुण्याला सुंदर दिसतो, पण उन्हाळ्यात त्याची धूळ खातो तो रस्त्याकडेला राहणारा माणूस. आपल्याकडे गावोगावी डांबरीकरणासाठी निवेदनं दिली जातात, निवडणुका त्यावर लढवल्या जातात. टस्कनीतल्या शेतकऱ्याला गुळगुळीत रस्ता हवासा वाटला, तर त्यात त्याचं काय चुकलं? लेरोइकाने या प्रश्नाला भाषणातून उत्तर दिलं नाही. तिने त्या धुळीला किंमत मिळवून दिली. राईडसाठी देशोदेशीचे लोक यायला लागले. ते गावात राहतात, खातात, वाईन घेतात आणि पुढच्या वर्षी चार मित्र घेऊन परत येतात. ज्याला मागासपणाची खूण समजलं जायचं, तो रस्ताच गावाच्या कमाईचं साधन झाला. मग त्याच्यावर डांबर ओतायला कोण धजावणार?

राईडचे नियमही वाचण्यासारखे आहेत. सायकल १९८७ च्या आधीची रेसिंग सायकल पाहिजे. गिअर बदलायचे खटके फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर पाहिजेत, म्हणजे गिअर बदलायचा तर हँडलवरचा हात काढून खाली न्यावा लागतो. ब्रेकच्या वायरी हँडलच्या टेपखाली लपलेल्या चालत नाहीत, त्या वरून कमानीसारख्या बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत. पायडलला पाय अडकवायची जाळी आणि चामड्याचा पट्टा हवा, बुटाला खट्कन लॉक होणारे पायडल बाद.

१९८७ च का? तर त्याच्या आसपास रेसिंग सायकल झपाट्याने बदलली. लूक कंपनीचे लॉक होणारे पायडल १९८४ मध्ये आले होते. शिमानोने एका खटक्याला बरोबर एक गिअर पडेल अशी सोय आणली आणि १९९० च्या सुमारास गिअर थेट ब्रेकच्या लिव्हरमध्येच बसवले. स्टीलची जागा आधी ॲल्युमिनियमने आणि मग कार्बनने घेतली. थोडक्यात, बार्तालीला जी सायकल बघून आपली वाटली असती, तिचा शेवट साधारण इथे होतो.

अर्थात नियम म्हणजे आंधळा हट्ट नाही. टायर-ट्यूब नवीन चालतात. चाळीस वर्षं जुन्या रबरावर कुणाला डोंगर उतरायला लावणं म्हणजे वेडेपणाच.

आणि डोंगर किती? सगळ्यात लांबचा मार्ग २०९ किलोमीटरचा. त्यातले शंभराहून जास्त किलोमीटर कच्चे. चढ सगळा मिळून साडेतीन हजार मीटरच्या वर जातो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. म्हणजे समुद्रसपाटीपासून दोनदा कळसूबाई चढलात तरी हिशोब पुरा होत नाही. ज्यांना एवढं झेपत नाही त्यांच्यासाठी छोटे मार्ग आहेत, सगळ्यात छोटा पन्नास किलोमीटरच्या आतला. पण उतारही सोपे नसतात. खडीवर जुना ब्रेक दाबला की सायकल थांबायच्या आधी विचार करते. पंक्चर तर ठरलेलंच, ते ज्याचं त्याने काढायचं.

वाटेतल्या खाण्यापिण्याची सोयसुद्धा जुन्या वळणाची. एनर्जी जेल वगैरे भानगड नाही. शिळा पाव, भाज्या आणि घेवड्याचं दाट सूप म्हणजे 'रिबोलिता', ऑलिव्ह तेल लावलेला पाव, हॅम, चीज आणि सोबत कियांतीची रेड वाईन. प्रत्येक थांब्यावर हातातल्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्के पूर्ण तर राईड पूर्ण. राईडच्या दिवसांत गावात जुन्या सुट्या भागांचा बाजारही भरतो. कुणाला एक क्रँक हवा असतो, कुणाला जोडीतला हरवलेला ब्रेक. काही लोक तर फक्त या बाजारासाठी येतात असं वाटावं, इतका वेळ तिथे घालवतात.

९२ जणांची ती राईड आता हजारोंची झालीय. जपान, इंग्लंड, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी तिच्या शाखा निघाल्या. याची दुसरी बाजू म्हणजे माळ्यावर पडलेल्या जुन्या रेसिंग सायकलींना एकदम भाव आला आणि साध्यासुध्या माणसासाठी हा शौक महाग झाला.

२००७ साली लेरोइकातूनच व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत जन्माला आली. तिचं आजचं नावच 'स्त्रादे बियांके'. मार्च महिन्यात होणाऱ्या या शर्यतीचा शेवट सिएनाच्या जगप्रसिद्ध पियाझ्झा देल कांपोमध्ये होतो. २०१५ पासून महिलांचीही शर्यत होते. २०२४ मध्ये तादेय पोगाचारने शेवटचे ८१ किलोमीटर एकट्याने मारून ती जिंकली, तेव्हा जगभरच्या टीव्हीवर तीच पांढरी धूळ उडताना दिसली.

लेरोइकाच्या मार्गावर आता कायमच्या पाट्या लावलेल्या आहेत. वर्षातल्या कुठल्याही दिवशी कुणीही तिथे सायकल घेऊन जाऊ शकतं. त्या दिवशी सायकल कुठल्या सालची आहे, हे कुणी विचारत नाही.