नवे काम धरताना मालकाला कोणते कागद दाखवायचे? मनीमाजरा (चंडीगढ) येथील कामगारांसाठी माहिती

तुम्ही गावाहून मनीमाजऱ्यात कामासाठी आला आहात, किंवा इथलेच एक काम सोडून दुसरे धरत आहात. नवा मालक किंवा ठेकेदार कागद मागतो. आधारवर सांगलीचा किंवा बीडचा पत्ता दिसला की "इथला रहिवासी दाखला आणा" असे सांगणारे भेटतात, आणि तो दाखला काढून देतो म्हणून पैसे मागणारे एजंटही भेटतात. म्हणून आधी मुख्य गोष्ट लक्षात घ्या: भारतीय नागरिकाला चंडीगढ, पंचकुला किंवा मोहालीत खासगी काम करण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. रहिवासी दाखल्याची सक्तीही कायद्यात नाही.

हा हक्क कुठून मिळतो?

संविधानाच्या कलम १९ नुसार प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा आणि कोणताही कायदेशीर व्यवसाय करण्याचा हक्क आहे.

मनीमाजऱ्याला लागून असलेले पंचकुला हरियाणात येते. हरियाणाने दरमहा ३०,००० रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखणारा कायदा केला होता. तो १५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. त्याविरुद्ध हरियाणा सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

कोणाला कामावर घ्यायचे हे खासगी मालक ठरवतो. पण "कायद्यानेच तुम्हाला घेता येत नाही" असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका.

मालक काय विचारू शकतो?

१. ओळख: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा किंवा रहिवासाचा नाही. त्यावर गावचा पत्ता असला तरी ओळख पटते. झेरॉक्स द्यायची असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे 'मास्क' आधार डाउनलोड करून द्या.

२. वय: जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ वयातील मुलांना धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी आहे.

३. पीएफचा यूएएन: हा १२ अंकी क्रमांक मालक बदलला तरी तोच राहतो. आधीच्या कामावर पीएफ कापला जात असेल तर नव्या मालकाला हाच क्रमांक द्या. दुसरा यूएएन निघाला तर तुमचे पैसे दोन ठिकाणी विखुरतात. नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे ना, ते तपासा.

४. बँक खाते: पगार जमा होण्यासाठी पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. एटीएम कार्ड किंवा पिन कोणालाही देऊ नका.

ई-श्रम कार्ड असेल तर जरूर दाखवा. पण ते नाही म्हणून काम नाकारण्याचा नियम नाही. १६ ते ५९ वयाचे असंघटित कामगार ही नोंदणी मोफत करू शकतात. मदतीसाठी १४४३४ वर फोन करा.

पोलीस पडताळणी

चंडीगढचे जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी आदेश काढतात. त्यानुसार घरमालकाने भाडेकरूची आणि मालकाने घरगडी-नोकराची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. माहिती देण्याची जबाबदारी घरमालकाची आणि मालकाची आहे. तुम्ही फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स द्या आणि जमा केल्याची पोच पाहून घ्या.

पत्त्याबाबत एक सूचना: २०२० मध्ये मनीमाजऱ्याला सेक्टर १३ असे नाव दिले गेले. तुमच्या एका कागदावर मनीमाजरा आणि दुसऱ्यावर सेक्टर १३ असेल तर घाबरू नका. दोन्ही नावे एकाच भागाची आहेत.

हे करू नका

• मूळ आधार, दाखला किंवा पासबुक मालकाकडे ठेवू नका. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या. झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त नोकरीसाठी" असे लिहा.
• कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.
• काम मिळावे म्हणून खोटा पत्ता किंवा खोटा दाखला बनवू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात तुम्हीच अडकाल.

तुम्हीही कागद मागा

मालकाकडून नेमणूक पत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये नेमणूक पत्र देण्याची तरतूद आहे. पगार थकला, अपघात झाला किंवा पीएफ भरला नाही, तर तुम्ही तिथे कामाला होता हे याच कागदावरून दाखवता येते. बांधकाम कामगारांनी ९० दिवस काम केल्याचा दाखलाही ठेकेदाराकडून घ्यावा. कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी तो लागतो.

अडचण आली तर

तुम्ही राहता कुठे यापेक्षा काम कुठे करता हे पाहा. काम मनीमाजऱ्यात असेल तर चंडीगढ प्रशासनाच्या कामगार विभागाकडे, पंचकुलात असेल तर हरियाणाच्या आणि मोहालीत असेल तर पंजाबच्या कामगार विभागाकडे तक्रार करा. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. कागद अडवून कोणी धमकावत असेल किंवा जबरदस्तीने काम करून घेत असेल तर ११२ वर फोन करा.