शेपटीतलं तिसरं इंजिन

विमानात शेवटच्या रांगेतली सीट कुणी मागून घेत नाही. मला मिळाली तर मी कुरकुरत नाही, कारण तिथे एक गोष्ट नीट ऐकू येते. दारं लागलेली असतात, पुढच्या चाकाला ट्रॅक्टर जोडलेला असतो, पंखांखालची दोन्ही इंजिनं अजून गप्प असतात आणि तरी पाठीमागून एक बारीक, सलग शिट्टी येत असते. मग डोक्यावरच्या झरोक्यातली गार हवा एकाएकी थांबते. मे महिन्यात नागपूरला असाल तर मिनिटभरात कॉलर ओली होते. सुरक्षेच्या सूचनांचं जाड कार्ड काढून कुणीतरी वारा घ्यायला लागतं आणि शेजारचे काका हमखास विचारतात, "एसी बंद केला की काय हो यांनी?"

बंद केलेला असतो, पण काटकसरीसाठी नाही. एसीला जाणारी दाबाची हवा तेवढ्यापुरती दुसरीकडे वळवलेली असते. थोड्याच वेळात एका पंखाखालून घरघर सुरू होते, मग दुसऱ्या. दिवे एकदा मिचकतात, गार हवा परत येते आणि काका पेपर उघडतात. ज्या यंत्राने हे सगळं घडवलं ते काकांच्या पाठीमागे, शेपटीच्या टोकात असतं. विमानाच्या अगदी मागच्या टोकाला जे गोल भोक दिसतं, ते त्याचं धुराडं. पूर्ण नाव ऑक्झिलरी पॉवर युनिट. विमानतळावर सगळे एपीयूच म्हणतात. दोनशे किलोंच्या आतलं हे छोटं टर्बाइन विमानाला पुढे ढकलत नाही. ते वीज देतं आणि दाबाची हवा देतं, बस्स.

हे लागतं कशाला, याचं उत्तर जेट इंजिनाच्या एका जुन्या अडचणीत आहे. शेतावरच्या जुन्या डिझेल इंजिनाला हँडल मारताना पाहिलं असेल, तर ती अडचण लगेच समजेल. दोन-चार फेरे जोरात द्यायचे, एकदा भडका उडाला की पुढचं ते स्वतः बघतं. जेट इंजिनाचं एवढ्यावर भागत नाही. त्याला जाळायला दाबलेली हवा लागते, हवा दाबायला कॉम्प्रेसर फिरावा लागतो आणि कॉम्प्रेसर फिरवणारं टर्बाइन जळलेल्या वायूवर चालतं. म्हणून आधी बाहेरून कुणीतरी आतला दांडा पूर्ण वेगाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत न्यायचा, मग इंधन सोडायचं. घाई केली तर हवा अपुरी, आग जास्त आणि टर्बाइनची पाती भाजून निघतात. इंधन पेटल्यावरही स्टार्टरला लगेच सुट्टी नसते. जवळपास निम्म्या वेगापर्यंत तो ढकलत राहतो. बहुतेक प्रवासी विमानांत हा स्टार्टर म्हणजे हवेवर फिरणारं हाताएवढं टर्बाइन असतं. तेवढ्याच ताकदीची विजेची मोटर बसवायची तर वजन परवडलं नसतं. एसीची पळवलेली हवा जाते ती इथे.

मुख्य इंजिनाखेरीज आणखी एक इंजिन विमानात न्यायची कल्पना जेटच्या आधीची आहे. १९१७ साली इंग्लंडमध्ये सुपरमरीन कंपनीने जर्मन झेपेलिन हवाईजहाजं पाडण्यासाठी नाइटहॉक नावाचं विमान बांधलं. अंधारात झेपेलिन शोधायला त्यावर सर्चलाइट होता आणि त्या दिव्याच्या विजेसाठी पेट्रोलचं वेगळं छोटं इंजिन. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ या जेट विमानाच्या युमो ००४ इंजिनात, अगदी तोंडाशी, नॉर्बर्ट रीडेल यांचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं होतं, ताकद दहा अश्वशक्तीच्या आसपास. ते विजेवर सुरू होई, पण वीज दगा देईल म्हणून त्याला एक दोरीही ठेवली होती. त्या काळातलं जगातलं सर्वांत पुढारलेलं लढाऊ विमान, आणि नाकातली कडी धरून दोरी ओढणारा मेकॅनिक! मला हे चित्र फार आवडतं.

त्या जर्मन जेट कार्यक्रमाची सूत्रं हवाई मंत्रालयात ज्यांच्या हाती होती ते हेल्मुट शेल्प युद्धानंतर अमेरिकेत गॅरेटच्या एअररिसर्च कंपनीत गेले. छोटी टर्बाइनं हा या कंपनीचा हातखंडा. तिचं नाव पुढे बदलत गेलं, आज ती हनीवेलचा भाग आहे. १९६३ साली बोइंग ७२७ ने पहिलं उड्डाण केलं तेव्हा तिच्या पोटात गॅरेटचंच एपीयू होतं. आधीच्या जेट विमानांना उतरल्यावर जमिनीवरच्या गाड्यांची वाट पाहावी लागे, एक विजेची, एक हवेची. ७२७ ला लहान गावांच्या विमानतळांवर जायचं होतं, तिथे या गाड्या असतीलच याचा भरवसा नव्हता. म्हणून विमानाने जिना आपल्याच शेपटीखाली बाळगला आणि वीज-हवेचा कारखाना आपल्याच पोटात. तीन इंजिनांमुळे शेपूट आधीच भरलेली, त्यामुळे एपीयू चाकांच्या खणात कोंबलं आणि धुराडं उजव्या पंखावर काढलं. साहजिकच ते फक्त जमिनीवर चालवता येई.

तेव्हापासूनच्या साठ वर्षांत या यंत्रात जे बदल झाले त्यांत भर घालण्यापेक्षा काढून टाकणंच जास्त आहे, असं मला वाटतं. गॅरेटच्या जुन्या ८५ मालिकेत एकच कॉम्प्रेसर सगळ्यांचा पोशिंदा होता. विमानासाठी हवा काढली की ज्योतीच्या वाट्याची कमी होई, म्हणजे एकाच पातेल्यातून घरच्यांना आणि पाहुण्यांनाही वाढायचं. नंतरच्या पिढीत पाहुण्यांचं पातेलं वेगळं झालं. त्याच दांड्यावर दुसरा कॉम्प्रेसर आला, त्याच्या तोंडाशी झडपेसारखी फिरणारी पाती आली. मागणी असेल तेवढी ती उघडतात, नसेल तर मिटतात. नागपूरच्या उन्हात गेट सोडण्याआधीसुद्धा गार हवा मंदावते ती बहुधा या पात्यांमुळे. टर्बाइनमागचं तापमान मर्यादेला टेकलं की नियंत्रक आधी हवेला कात्री लावतो, विजेला हात लावत नाही.

इंजिन सुरू झालं की हवेची मागणी एका क्षणात तुटते. दाबलेली हवा जाणार कुठे? वाट नाही मिळाली तर ती उलटी फिरते, कॉम्प्रेसर धडधडतो, पाती हादरतात. म्हणून जास्तीची हवा सरळ धुराड्यात सोडणारी एक झडप असते. वेग कमी करून हा प्रश्न सोडवता येत नाही, कारण त्याच दांड्यावर जनरेटर आहे. घरातली वीज ५० हर्ट्झची, विमानातली ४०० ची; वारंवारता जास्त म्हणून लोखंड आणि तांबं कमी लागतं, वजन वाचतं. पण हे ४०० स्थिर राहायचे तर यंत्राने पूर्ण वेगानेच फिरायला हवं, काम असो वा नसो. नुसते दिवे लावायचे असले तरी ते मिनिटाला ४८ हजारांहून जास्त फेरे घेत राहतं.

मला सर्वांत देखणी वाटते ती तेल थंड ठेवण्याची युक्ती. आधी त्यासाठी गिअरने फिरणारा पंखा असे. पंखा म्हटला की बेअरिंग आली, गिअर आले आणि कधीतरी तुटणं आलं. ७३७ च्या नंतरच्या पिढीतल्या एपीयूत तो पंखाच काढून टाकला. धुराड्यातून जोरात बाहेर पडणारा झोत आजूबाजूची हवा आपोआप ओढतो, तीच हवा वाटेत तेलाच्या जाळीतून जाते. फिरणारा एकही भाग नाही. स्टार्टरचंही तसंच. पूर्वी झिजणाऱ्या ब्रशांची वेगळी मोटर होती, आता जनरेटरच उलटा वापरून सुरुवातीला मोटर बनवतात.

एका गोष्टीत मात्र मुद्दाम वजन वाढवलं आहे. इतक्या वेगात टर्बाइनची चकती फुटली तर तिचे तुकडे विमानाची शेपूट चिरतील. म्हणून चकतीचे तीन तुकडे होऊन उडाले असं धरून भोवतीचं कवच बनवतात. ते तुकडे कवचाच्या आतच अडकायला हवेत.

हवेत असताना एपीयू बहुतेक वेळ झोपलेलं असतं. पण १९८५ मध्ये दोनच इंजिनांचं बोइंग ७६७ प्रवासी घेऊन अटलांटिक ओलांडायला लागलं, जवळचा विमानतळ दोन तासांवर असला तरी चालेल अशी मुभा घेऊन, आणि झोपलेल्या यंत्राचा भाव वाढला. वाटेत एक इंजिन गेलं तर त्याचा जनरेटरही गेला, मग हाच तिसरा आधार. अडचण अशी की बाहेर उणे पन्नास अंश, तेल हिवाळ्यातल्या तुपासारखं थिजलेलं, हवेची घनता जमिनीवरच्या जेमतेम पावपट. आणि तासन्‌तास असं गारठल्यावर त्याने एका बटणात उठायचं. ७३७ च्या नव्या पिढीतलं एपीयू ४१ हजार फुटांवर सुरू होतं आणि तिथे वीज देतं. हवा मात्र १७ हजार फुटांपर्यंतच, आणि दोन्ही एकदम हवं असेल तर १० हजारांच्या खाली उतरावं लागतं.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यू यॉर्कवर हंसांच्या थव्यात सापडून एका ए३२० ची दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन सुलेनबर्गर यांनी सूचनांच्या यादीतला तो क्रमांक येण्याची वाट पाहिली नाही, लगेच एपीयू चालू केलं. वीज तुटली नाही, म्हणून वेग फार खाली जाऊ न देणारं संगणकाचं संरक्षण नदीत उतरेपर्यंत शाबूत राहिलं. चौकशी अहवालाने या निर्णयाला मोठं श्रेय दिलं आहे. १५५ माणसं वाचली.

आपल्याकडे याच जातीचं यंत्र तेजस या लढाऊ विमानात आहे, पण त्याचं काम स्टार्टरचं. ते हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बंगळूरला घडवलं. २०१५ च्या फेब्रुवारीत लेहला, दहा हजार फुटांवर, रात्रभर थंडीत उभ्या ठेवलेल्या तेजसचं इंजिन बाहेरच्या कसल्याही मदतीविना त्याने सुरू करून दाखवलं. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातून आता तेजस बाहेर पडू लागलं आहे, त्यामुळे ही शिट्टी द्राक्षबागांवरूनही ऐकू येईल.

गंमत अशी की ज्या यंत्राने विमानाला जमिनीपासून मोकळं केलं, तेच बंद ठेवा असं आता जमीन सांगते. ताशी शंभर किलोंच्या आसपास इंधन, वर धूर आणि आवाज. झुरिकसारख्या विमानतळांनी त्याच्या वापरावर वेळेची बंधनं घातली आहेत. गेटवर उभं राहिलं की विजेची जाड केबल आणि गार हवेची पिवळी नळी जोडायची आणि एपीयू बंद.

बोइंगने ७८७ मध्ये याहून मोठी काटछाट केली. या विमानाच्या एपीयूतून हवा निघतच नाही. त्यावर २२५ केव्हीएचे दोन जनरेटर आहेत आणि मुख्य इंजिनंही विजेवरच सुरू होतात. हवेच्या नळ्या, झडपा, एपीयूचं तेल गळून केबिनमध्ये येणारा ओल्या मोज्यांसारखा वास, सगळंच कमी झालं. पण मग एपीयूला उठवणार कोण? बॅटरी, लिथियम-आयनची, अठ्ठावीस किलोंची. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनला प्रवासी उतरून गेलेल्या एका ७८७ मध्ये सफाई कामगारांना धूर दिसला, तो या बॅटरीचा. नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या विमानाच्या मुख्य बॅटरीने तेच केलं आणि जगभरची ७८७ जमिनीवर बसली, एअर इंडियाची सहाही. एप्रिलमध्ये ती पुन्हा उडू लागली तेव्हा बॅटरी पोलादी पेटीत बंद होती आणि पेटीतून धूर थेट विमानाबाहेर नेणारी नळी होती. वजन वाचवायला आणलेल्या बॅटरीभोवती पोलाद! रीडेलच्या दोरीतून निदान धूर तरी येत नव्हता.